फीडर अचानक ओस पडलाय, माझं काही चुकलं का?

जाईजुई_२१

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच विचारतेय त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मागच्या अंगणात जानेवारीच्या शेवटी पक्ष्यांना दाणे घालायचा एक फीडर टांगला, साधाच, उभी नळी आणि खाली ताटली असतो तसला. बाजरी, राळा आणि थोड्या सूर्यफुलाच्या बिया. पहिले दहाबारा दिवस एक चिटपाखरू फिरकलं नाही, मी रोज दाराआडून बघायचे आणि हे मला हसायचे. मग एक दिवस एक चिमणा आला, आधी कपड्यांच्या दोरीवर बसला, मान तिरकी करून फीडरकडे बघितलं, उडून गेला, परत आला, असं चारपाच वेळा करून शेवटी एक दाणा उचलला आणि पळाला. दुसऱ्या दिवशी सहा. एप्रिल-मेमध्ये तर जत्रा भरायची हो, वीसपंचवीस चिमण्या, खाली सांडलेलं टिपायला दोन होले, मधूनच मुनियांचा थवा, आणि फळाची फोड लावली की बुलबुलाची जोडी हजर. दोन दिवसांत नळी रिकामी.

पाऊस सुरू झाला आणि गर्दी हळूहळू ओसरत गेली. आधी मुनिया गेल्या, मग होले, आणि आता ऑगस्टमध्ये दिवसभरात दोन चिमण्या आल्या तर आल्या, त्याही दाण्याला तोंड लावत नाहीत, इकडेतिकडे बघून जातात. नळीतले दाणे जसेच्या तसे, ताटलीतल्या बाजरीला तर चक्क कोंब आलेत.

मधल्या काळात मी एकच बदल केला, फीडर भिजू नये म्हणून झाडावरून काढून खिडकीसमोर छज्जाखाली टांगला. त्याचा राग आला असेल का? की बियाणं बदललं पाहिजे? की कुठे काही झालं त्यांना? आमच्याकडे रोज यावर चर्चासत्र चालू आहे, कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

---

दुर्बीणवाले_आजोबा

जाईजुई ताई, पहिली गोष्ट, घाबरू नका, दर पावसाळ्यात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. पक्षी रुसलेले नाहीत, ते दुसरीकडे जेवताहेत.

आपण चिमणीला दाणे खाणारी म्हणतो ते मोठ्या चिमणीपुरतं खरं आहे. तिच्या पिल्लाला सुरुवातीचे दिवस दाणा चालतच नाही, त्याला अळ्या, नाकतोडे, मावा, कोळी असलं मऊ आणि प्रथिनांनी भरलेलं लागतं, नाहीतर ते वाढणारच नाही. सुगरणीचंही थोड्याफार फरकाने तसंच. आता पाऊस पडला की पानापानावर अळ्या, मग आईबाप तुमच्या बाजरीकडे कशाला येतील, त्यांना दिवसातून शंभर खेपा अळ्या घेऊन मारायच्यात. तुमच्या त्या दोन चिमण्या येऊन नुसत्या बघून जातात ना, त्या ताटलीकडे बघतात की आजूबाजूच्या पानांकडे, जरा लक्ष देऊन बघा.

पुढे पाऊस ओसरला की गवताला बी धरतं. तेव्हा तर माळावर फुकटचं अन्नछत्र, ताजं, ओलं, दुधाळ बी. मुनियांना त्यापुढे तुमची नळीतली कोरडी बाजरी म्हणजे शिळंपाकं. हे सगळं संपलं, गवत वाळलं, बी झडून मातीत गेलं की मग त्यांना तुमची आठवण येते. म्हणून फीडरवर खरी गर्दी उन्हाळ्याच्या तोंडाशी. बर्फ पडणाऱ्या मुलखात हेच चक्र जरा सरकलेलं असतं, तिथे ऐन थंडीत झुंबड आणि शरदात जंगलात बिया-फळं मुबलक असताना फीडर ओस, आणि तिकडचे लोकही दरवर्षी हेच विचारतात की आमचे पक्षी गेले कुठे. कारण एकच, बाहेर पिकलं की घरी कुणी येत नाही.

आणखी एक, आपल्याला वाटतं की आपण त्यांना पोसतोय. अमेरिकेत चिकडी नावाच्या इवल्याशा पक्ष्यावर अभ्यास झालाय, फीडर भरलेले असतानाही त्यांच्या रोजच्या खाण्यातला साधारण पाचवा हिस्साच फीडरचा निघाला, बाकी सगळं रानातलं. जिथे वर्षानुवर्षं दाणे होते तिथले फीडर काढून घेतले तरी ते पक्षी इतरांपेक्षा जास्त मेले नाहीत. म्हणजे आपलं ताट हे त्यांच्या पानातली डावी बाजू, चटणी-कोशिंबीर म्हणा. मला आधी हे वाचून जरा वाईटच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

---

ओसरीवाला

शिक्रा, म्हणजे छोटे पक्षी मारणारा शिकारी पक्षी, आलाय का बघा आधी. माझ्याकडे एकदा तीन आठवडे सामसूम होती, मी बियाणं बदललं, जागा बदलली, सगळं करून झालं आणि एक दिवस बघतो तर साहेब समोरच्या फांदीवर पाय पोटात घेऊन बसलेले. फीडर म्हणजे त्याच्यासाठी पण फीडरच की. मी दाणे पंधरा दिवस बंद ठेवले, तो कंटाळून गेला, मग हळूहळू मंडळी परतली.

---

मातीचं_परळ

सगळे हंगामावर बोलताहेत पण ताई तुम्ही जे शेवटी सहज लिहिलंत त्यावर कुणीच थांबलं नाही, बाजरीला कोंब आलेत. अहो ते आजच्या आज फेकून द्या, झाडाखाली नाही, सरळ कचऱ्यात. कोंब आले म्हणजे ओल आत गेलीय, आणि ओल आहे तिथे बुरशी आलीच, ती डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. नळीच्या तळाशी बोट घालून बघा, तिथे दाण्यांचा गोळा झालेला असणार, वरून ताजे ओतत राहतो आपण आणि खालचे तसेच कुजत राहतात. मी स्वतः हे केलंय म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक होला यायला लागला, पिसं फुगवून बसलेला, जवळ गेलं तरी उडायचा नाही. दाणा चोचीत घ्यायचा, चावल्यासारखं करायचा आणि खाली पडायचा, गिळताच येत नव्हतं त्याला. चोचीभोवतीची पिसं ओली, चिकट. मला वाटलं म्हातारा असेल, उलट मी त्याच्यासाठी जास्त दाणे ठेवले. चौथ्या दिवशी कुंडीमागे मेलेला सापडला, आणि त्याच आठवड्यात आणखी एक. नंतर वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ट्रायकोमोनास नावाचा एक परजीवी असतो, तो कबुतरं-होल्यांच्या घशात मुरलेला असतो, लाळेतून ओल्या दाण्यांवर आणि पाण्यात उतरतो आणि पुढच्याला लागतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून हा रोग फिंच जातीच्या पक्ष्यांत शिरला आणि ग्रीनफिंच नावाचा तिथला अगदी नेहमीचा पक्षी त्याने प्रचंड कमी झाला. अमेरिकेत १९९४ मध्ये हाउस फिंचच्या डोळ्यांची साथ दिसली, आणि २०२१ मध्ये पाइन सिस्किन नावाच्या पक्ष्यांत साल्मोनेला या जिवाणूची साथ आली तेव्हा तर काही राज्यांत लोकांना सांगावं लागलं की बाबांनो फीडर उतरवा काही दिवस.

मी आता काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. दर पंधरा दिवसांनी, पावसात दर आठवड्याला, सगळे दाणे काढायचे, ब्रशने घासायचं, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी घेऊन त्यात दहा मिनिटं बुडवायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय भरायचं नाही, हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दाणे एका दिवसात संपतील एवढेच. खालची जमीन झाडायची, विष्ठा आणि टरफलं तिथेच साचतात. पाण्याचं परळ रोज घासायचं. आणि आजारी दिसला एखादा की दोन आठवडे सगळं बंद, दाणे पण आणि पाणी पण, म्हणजे गर्दी पांगते. त्या वेळी फार जिवावर येतं बंद करायला, पण आपणच पंगत मांडून रोग वाढायचा ना मग.

---

जाईजुई_२१

बाप रे. आत्ता जाऊन बघितलं, तळाशी खरंच गोळा होता, काळपट, आंबूस वास. सगळं फेकलं. मला वाटत होतं दाणे काय, कोरडी वस्तू, राहतात महिनाभर.

@ओसरीवाला शिक्रा अजून तरी नाही दिसला पण आता मी प्रत्येक फांदीकडे संशयाने बघतेय.

@दुर्बीणवाले_आजोबा तुमचं वाचल्यावर मुद्दाम अर्धा तास बसले. तुम्ही म्हणालात तस्संच! चिमणी छज्जावर येते, मग जास्वंदीच्या पानांमागे शिरते आणि हिरवं काहीतरी चोचीत धरून सरळ शेजारच्या भिंतीतल्या भोकाकडे. त्या भोकातून चिवचिवाट येतो हे मला माहीतच नव्हतं, सहा महिने मी दाण्यांकडेच बघत बसलेय.

एक सांगायचं राहिलं, फीडर खिडकीसमोर आणल्यावर आठवड्याभरात एक बुलबुल काचेवर आपटला, पाचेक मिनिटं सुन्न बसून होता मग गेला. म्हणजे जागा बदलण्याचाही संबंध आहेच का?

---

ओसरीवाला

काच ते फीडर अंतर किती?

---

जाईजुई_२१

मोजलं नाही पण दोन मीटर असेल.

---

ओसरीवाला

तेच सगळ्यात वाईट अंतर. एकतर मीटरच्या आत आणा, अगदी काचेला चिकटून असला तरी चालेल, तिथून उडताना वेग धरायला जागाच नसते त्यामुळे लागत नाही. नाहीतर दहा मीटर लांब न्या. मधलं म्हणजे कचकन आदळणार, त्यात शिक्रा आला आणि घाबरून उडाले तर विचारूच नका. काचेवर बाहेरच्या बाजूने ठिपके चिकटवा, दर पाच सेंटीमीटरवर एक, आतून लावलेले चालत नाहीत कारण बाहेरून काचेत आभाळच दिसतं. आणि हो, एखादा ससाण्याचा स्टिकर लावून काही होत नाही, माझ्याकडे त्या ससाण्याच्या शेजारीच साळुंकी आपटली होती.

---

मी_फीडर_काढला

आता मी जरा विरजण घालतो, राग मानू नका. माझ्याकडे सात वर्षं फीडर होता. पहिली दोन वर्षं चिमण्या, मग एक कबुतर आलं. एकाची चार, चाराची चाळीस. चिमण्या कोपऱ्यात, बुलबुल तर बघूनच माघारी. खाली विष्ठेचा थर, वरच्या मजल्याच्या लोकांशी भांडण, शेवटी बैठकीत माझ्या नावाने खास विषय घेतला गेला. बारीक जाळीचा पिंजरा लावून बघितला ज्यातून फक्त चिमणी शिरेल, थोडे दिवस चाललं, पण खाली सांडतं ते कबुतरांनाच.

मग चिडून काढूनच टाकला आणि त्या जागी उथळ पाण्याचं भांडं ठेवलं, दोन इंचापेक्षा कमी खोल, आत एक खडबडीत दगड. आणि अंगणाचा एक कोपरा मुद्दाम कापायचा बंद केला, गवत वाढू दिलं, त्याला बी धरू दिलं. विश्वास ठेवा न ठेवा, दाण्यावर सात वर्षांत जे आले नाहीत ते पाण्यावर एका उन्हाळ्यात आले. दयाळ, शिंपी, नाचण, सातभाईंची अख्खी टोळी, एकदा तर खंड्या. हे काही मुख्यतः दाण्यांवर जगणारे नाहीत हो, त्यांना तुमची बाजरी म्हणजे वाळूचे खडे, फीडर लावून आपण निम्म्या पक्ष्यांना बोलावतच नाही. आणि मुनिया त्या गवतावर लोंबकळून बी ओढतात ते बघायला जी मजा आहे ती ताटलीवर नाही.

पावसाळ्यात फीडर रिकामा असेल तर माझं म्हणणं, राहू दे रिकामा. धुऊन पालथा घालून ठेवा आणि उन्हाळ्यात काढा.

---

मातीचं_परळ

@मी_फीडर_काढला पाण्याचं शंभर टक्के मान्य. पण सगळ्यांकडे गवत वाढवायला कोपरा नसतो हो, कुणाकडे एक ग्रिल असतं फक्त. कबुतरांचा त्रास मात्र ताटली काढली की बराच कमी होतो, नुसती नळी आणि आखूड दांड्या ठेवा, कबुतराला बसताच येत नाही. आणि पाव, बिस्किटं, खारट-तेलकट काही घालू नका, कबुतर-कावळे सगळ्यात आधी त्यालाच येतात, आणि पावाने चिमणीचं पोट भरतं पण अंगी काही लागत नाही.

---

शिंजीरप्रेमी

थोडं विषयांतर, शिंजीर यावा म्हणून साखरपाणी ठेवलं तर चालेल का? कुणी म्हणतं मध घाला, कुणी लाल रंग.

---

दुर्बीणवाले_आजोबा

मध नको, आंबतो आणि बुरशी धरतो. रंग तर मुळीच नको. अमेरिकेत हमिंगबर्डसाठी एक भाग साखर चार भाग पाणी असं करतात, पण गरम हवेत ते रोजच्या रोज बदलावं लागतं, जमणार नसेल तर नादी लागू नका. जास्वंद किंवा कुठलंही नळीसारख्या फुलांचं झाड लावा, शिंजीर आपणहून येतो.

ताई, तुम्हाला फीडर ठेवायचाच असेल (मीही ठेवतो, सवय सुटत नाही) तर एक वही करा. रोज नाही जमलं तरी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटं. मोजायची रीत अशी, दिवसभरात किती आले ते नाही लिहायचं कारण तोच चिमणा दहादा येतो, एका वेळी एकत्र दिसलेली सगळ्यात मोठी संख्या लिहायची. ब्रिटनमध्ये १९७९ पासून बागेतल्या पक्ष्यांची मोजणी चालते ती याच पद्धतीने. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतं, १९९८ ला अमेरिकेत सुरू झालं आणि २०१३ पासून जगभर, त्यातही पंधरा मिनिटं बसलं तरी पुरतं, यादी ईबर्ड नावाच्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. आपल्या खिडकीतून दिसलेल्या सहा चिमण्या तिथे जाऊन बसतात याचं मला अजून अप्रूप वाटतं.

अशा मोजण्यांतून भलत्याच गोष्टी बाहेर येतात. ब्लॅककॅप नावाचा छोटा वटवट्या आहे, मध्य युरोपात राहणारा, थंडीत दक्षिणेला जायचा. १९६० च्या दशकापासून त्यातले बरेच जण उलट्या दिशेला, ब्रिटनला जायला लागले, का, तर तिथली थंडी जरा मवाळ झालेली आणि बागाबागांतून फीडर भरलेले. दिशा अंगातच भिनलीय त्यांच्या आता, पिल्लंही तिकडेच उडतात. म्हणजे कुणीतरी सकाळी उठून मूठभर बिया टाकतो आणि पक्ष्याचा नकाशा बदलतो, आता हे चांगलं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

आणि वहीत संख्येबरोबर रूप पण लिहा. सुगरणीचा नर पावसात डोक्यावर पिवळाधमक असतो, थंडीत पिवळेपण जातं आणि चिमणीच्या मादीत मिसळला तर ओळखू येत नाही, कित्येक लोक त्याला चिमणीच समजून मोजतात. खुद्द चिमण्याचीही गंमत आहे. विणीच्या दिवसांत त्याच्या गळ्याखाली काळी दाढी दिसते ना, छातीपर्यंत उतरलेली, ती त्या वेळी उगवलेली नसते. वीण आटोपली की तो सगळी पिसं बदलतो, नवी काळी पिसं येतात पण प्रत्येक पिसाचं टोक राखाडी असतं, त्यामुळे दाढी झाकली जाते. मग थंडीभर ती टोकं झिजत झिजत जातात आणि आतला काळा रंग उघडा पडतो. म्हणजे नवे कपडे मळकट आणि वापरून वापरून झकपक! चोचही थंडीत फिकट असते, विणीला काळी होते. हे सगळं तुम्हाला खिडकीतूनच दिसेल, दुर्बीणसुद्धा नको.

---

ओसरीवाला

आजोबा हे दाढीचं मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

---

जाईजुई_२१

दोन महिन्यांनी परत येतेय, म्हटलं धागा अर्धवट राहायला नको.

फीडर धुऊन पालथा घातला होता. ताटली काढली. काचेला ठिपके लावले, घर गोवर आल्यासारखं दिसतंय असं सासूबाई म्हणतात पण त्यानंतर कुणी आपटलं नाही. परळ ठेवलं, दगडासकट. पहिल्याच आठवड्यात शिंपी अंघोळ करून गेला, सातभाई आले ते सात नव्हतेच, नऊ होते आणि त्यांनी भांडून निम्मं पाणी सांडलं. भिंतीतल्या भोकातून पिल्लं बाहेर पडली तो दिवस मात्र हुकला, आम्ही गावाला गेलो होतो, आल्यावर दोरीवर तीन लठ्ठ पिल्लं पंख थरथरवत आईमागे लागलेली दिसली, चोचीच्या कडा पिवळ्या.

गेल्या आठवड्यात गवत वाळायला लागलेलं बघून फीडर परत झाडावर टांगला, मूठभरच दाणे घालून. चार दिवस काही नाही. आज सकाळी चहा घेऊन बसले तर दोरीवर एक चिमणा, मान तिरकी. मी कप तसाच हातात धरून बसले. आजोबा, त्याच्या गळ्याला राख फासल्यासारखं होतं, दाढी अशी नाहीच, नुसती एक करडी सावली, आणि चोच पिवळसर. फेब्रुवारीत आलेला तोच का हा, ते कसं कळणार, पण तसाच चारपाच वेळा येऊन गेला आणि मग एक दाणा घेऊन पळाला.

वहीचं पहिलं पान, चिमणा नर १. हे टाइप करता करता तीन झालेत, खोडून परत लिहिते.